भेटवस्तूचे पार्सल आणि तोतया सीमाशुल्क अधिकारी
ऑनलाइन ओळखीतून होणाऱ्या फसवणुकीचे अर्थकारण

(बंगळुरू येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



देशातील पहिले सायबर गुन्हे पोलीस ठाणे २००१ मध्ये बंगळुरूत सुरू झाले. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अमलात येऊन त्या वेळी जेमतेम एक वर्ष झाले होते. त्या काळी संगणकीय गुन्हा म्हणजे संकेतस्थळात घुसखोरी किंवा माहितीची चोरी अशी साधारण समजूत होती. आजचे चित्र वेगळे आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात ६५,८९३ सायबर गुन्ह्यांची नोंद झाली. २०२३ मध्ये हा आकडा ८६,४२० वर गेला. त्यांपैकी २१,८८९ गुन्हे एकट्या कर्नाटकात आणि त्यातील १७,६३१ बंगळुरू शहरात नोंदले गेले. म्हणजे राज्यातील सुमारे ८० टक्के गुन्हे एका शहरातील होते. देशभरातील गुन्ह्यांपैकी सुमारे ६९ टक्के गुन्ह्यांमागील हेतू फसवणूक हा होता.

या आकड्यांचा अर्थ लावताना एक सावधगिरी आवश्यक आहे. जेथे पोलीस यंत्रणा तक्रार नोंदवून घेते आणि नागरिक तक्रार करण्यास धजावतात, तेथे नोंदीही वाढतात. त्यामुळे वाढलेली नोंद हे केवळ वाढत्या गुन्हेगारीचे लक्षण मानता येत नाही. तरीही नोकरीनिमित्त कुटुंबापासून दूर राहणारा, नियमित पगार मिळवणारा, बँकेचे सर्व व्यवहार मोबाइलवर करणारा आणि विवाहासाठी अथवा सोबतीसाठी इंटरनेटवर ओळख शोधणारा मोठा वर्ग बंगळुरूमध्ये आहे, हे नाकारता येणार नाही. भेटवस्तूच्या पार्सलची फसवणूक याच वर्गाभोवती फिरते. पुणे, मुंबई वा नागपूर येथील परिस्थिती याहून फारशी निराळी नाही.

फसवणुकीचा ठरलेला क्रम

या फसवणुकीत नावे बदलतात, क्रम मात्र सहसा बदलत नाही. विवाहविषयक संकेतस्थळावर, डेटिंग ॲपवर किंवा समाजमाध्यमावर एखादी ओळख होते. समोरची व्यक्ती स्वतःला ब्रिटन, अमेरिका किंवा युरोपातील डॉक्टर, वैमानिक, जहाजावरील अभियंता किंवा लष्करी अधिकारी म्हणवते. छायाचित्र भलत्याच कोणाचे तरी असते. काही आठवडे, कधी काही महिने रोज संभाषण होते. विधुरावस्था, लहान मूल, भारतात स्थायिक होण्याची इच्छा असे विषय निघतात. या काळात पैशाचा उल्लेखही होत नाही.

त्यानंतर भेटवस्तू पाठविल्याचे कळविले जाते. दागिने, घड्याळ, लॅपटॉप, भ्रमणध्वनी आणि त्यांबरोबर काही हजार पौंड किंवा डॉलर असल्याचे सांगितले जाते. पार्सलचे छायाचित्र येते, कुरियर कंपनीसारख्या दिसणाऱ्या संकेतस्थळाचा दुवा येतो. दोन-तीन दिवसांत दिल्ली, मुंबई किंवा बंगळुरू विमानतळावरील सीमाशुल्क कार्यालयातून बोलत असल्याचे सांगणारा दूरध्वनी येतो. पार्सल अडकले आहे, शुल्क भरावे लागेल, असे सांगून पैसे भरण्यासाठी एका खासगी व्यक्तीच्या बचत खात्याचा क्रमांक दिला जातो.

पहिली मागणी काही हजारांची असते. ती पूर्ण होताच दुसरी येते. पार्सलमध्ये परकीय चलन सापडले म्हणून दंड, मग चलन रूपांतराचे शुल्क, मग 'मनी लाँडरिंग प्रतिबंधक प्रमाणपत्रा'चे शुल्क, मग विमा. प्रत्येक रक्कम आधीच्या रकमेहून मोठी असते. पैसे देण्यास नकार दिला की सूर बदलतो आणि अटकेची धमकी दिली जाते. याच प्रकाराची दुसरी आवृत्ती अशी की, ती परदेशी व्यक्ती स्वतःच भारतात आली असून मोठी रोकड जवळ असल्यामुळे विमानतळावर अडविली गेली आहे, असे भासविले जाते.

जुनी युक्ती, नवे साधन

आगाऊ शुल्क मागून फसविण्याची ही रीत इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत 'स्पॅनिश कैदी' या नावाने ओळखली जाणारी पत्रे येत असत. स्पेनच्या तुरुंगात अडकलेल्या एका धनवान गृहस्थाच्या सुटकेसाठी थोडी रक्कम द्यावी, सुटका झाल्यावर त्याच्या संपत्तीत वाटा मिळेल, असा त्यांचा आशय असे. विसाव्या शतकाच्या अखेरीस टपाल, फॅक्स आणि ई-मेलने येणाऱ्या अशाच पत्रांना नायजेरियाच्या दंडसंहितेतील कलमावरून '४१९' हे नाव पडले. तेव्हा कैद्याच्या जागी बेवारस बँक खाते आले होते, आज सीमाशुल्क विभागात अडकलेले पार्सल आले आहे. कोणत्याही एका देशाच्या नागरिकांवर या गुन्ह्याचा शिक्का मारणे चुकीचे ठरेल. दूरध्वनी करणारे, सिमकार्ड पुरविणारे आणि बँक खाती मिळवून देणारे भारतीयही या साखळीत असतात.

ही कथा इतकी ठरावीक आणि काहीशी अविश्वसनीय असताना ती बदलली का जात नाही, हा प्रश्न संशोधकांना पडला. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मध्ये त्याचे उत्तर मांडले. हजारो लोकांना संदेश पाठविण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. खरा खर्च येतो तो उत्तर देणाऱ्या प्रत्येकाशी अनेक दिवस बोलत राहण्याचा. कथा ढोबळ असली की संशयी माणूस सुरुवातीलाच गळतो आणि विश्वास ठेवणारा तेवढा उरतो. म्हणजे कथेचा ढोबळपणा हीच फसविणाऱ्याची चाळणी असते. त्यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. पहिल्या टप्प्यावर दोन-चार खोचक प्रश्न विचारणाऱ्या, दृक्‌श्राव्य संवादाचा आग्रह धरणाऱ्या व्यक्तीचा नाद फसविणारे बहुधा लवकर सोडतात.

प्रत्यक्ष कायदा काय सांगतो

फसवणुकीचा सारा डोलारा नागरिकाच्या एका अज्ञानावर उभा असतो. परदेशातून आलेल्या वस्तूवर शुल्क नेमके कसे आकारले जाते, हे बहुतेकांना ठाऊक नसते. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराच्या उदाहरणावरून माहितीच्या विषमतेचा सिद्धांत मांडला. या विषयावरील कामासाठी २००१ मध्ये त्यांना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. येथील विषमता वस्तूच्या गुणवत्तेविषयी नाही. ती शासनाच्या कार्यपद्धतीविषयी आहे, आणि म्हणूनच ती दूर करणे शक्य आहे.

पहिला मुद्दा भेटवस्तूचा. विदेश व्यापार महासंचालनालयाने डिसेंबर २०१९ मध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार टपालाने वा कुरियरने येणाऱ्या मालाची 'भेटवस्तू' म्हणून सोडवणूक करण्यास मनाई करण्यात आली. जीवरक्षक औषधे आणि राखी यांचा तेवढा अपवाद ठेवला गेला. मात्र पूर्ण शुल्क भरून भेटवस्तू आणता येते. शुल्क वस्तूच्या मूल्याच्या प्रमाणात ठरते आणि एकदाच आकारले जाते. चार वेगवेगळ्या नावांनी, दर खेपेला वाढत जाणारी रक्कम घेण्याची पद्धत त्यात नाही.

दुसरा मुद्दा वसुलीचा. टपालाने आलेल्या पार्सलची तपासणी विदेशी टपाल कार्यालयात होते आणि त्यावरील शुल्क पार्सल हाती देताना टपाल खाते पावती देऊन घेते. कुरियरने आलेल्या मालासाठी संबंधित कंपनी प्राप्तकर्त्याची ओळखपत्रे घेऊन इलेक्ट्रॉनिक घोषणापत्र सादर करते आणि शुल्काची रक्कम बिलासह वसूल करते. व्यापारी आयातीचे शुल्क 'आइसगेट' या शासकीय प्रणालीतून चलनाद्वारे भरले जाते. यांपैकी कोणत्याही मार्गात सीमाशुल्क अधिकारी दूरध्वनी करून एखाद्या व्यक्तीच्या खात्यात पैसे भरण्यास सांगत नाही.

तिसरा मुद्दा परकीय चलनाचा. भारतात येणाऱ्या प्रवाशाला कितीही परकीय चलन आणता येते. चलनी नोटांचे मूल्य ५,००० अमेरिकी डॉलरहून किंवा नोटा व प्रवासी धनादेश मिळून एकूण मूल्य १०,००० डॉलरहून अधिक असेल, तर विमानतळावर घोषणापत्र भरावे लागते. परदेशस्थ नातेवाइकाला पैसेच पाठवायचे असतील तर बँकेचा मार्ग खुला आहे. लहान रकमांसाठी रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने चालणारी मनी ट्रान्सफर सेवा योजनाही आहे. घड्याळ आणि दागिन्यांच्या खोक्यात हजारो पौंड कोंबून पाठविण्याचे कोणतेही तर्कसंगत कारण संभवत नाही. परदेशातून अशा स्वस्त निधीची आमिषे दाखवून शुल्क उकळले जाते, याविषयी रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच बँकांना आणि जनतेला सावध केले होते.

खरी मागणी आणि खोटी मागणी

प्रशासनात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने हा भाग परीक्षेपलीकडेही लक्षात ठेवावा. कायद्याने चालणाऱ्या राज्यात नागरिकाकडून पैसा घेण्याची एक रीत असते. माल जप्त करावयाचा किंवा दंड लावावयाचा असेल तर सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम १२४ नुसार कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते आणि म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. निर्णय मान्य नसेल तर कलम १२८ नुसार आयुक्तांकडे (अपील) साठ दिवसांच्या आत दाद मागता येते.

केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने नोव्हेंबर २०१९ पासून आपल्या पत्रव्यवहारासाठी दस्तऐवज ओळख क्रमांकाची पद्धत सुरू केली. हा क्रमांक मंडळाच्या संकेतस्थळावर कोणालाही पडताळून पाहता येतो. सीमाशुल्क अधिकाऱ्यांच्या नावाने होणारी लूट वाढल्यामुळे २०२४ मध्ये मंडळाने देशव्यापी जनजागृती मोहीम हाती घेतली. अधिकारी दूरध्वनी, लघुसंदेश वा ई-मेलद्वारे खासगी खात्यात शुल्क भरण्यास कधीही सांगत नाहीत, असे त्या मोहिमेत स्पष्ट करण्यात आले.

यावरून पडताळणीचे चार प्रश्न तयार होतात. मागणी लेखी आहे काय आणि तिच्यावरील क्रमांक पडताळता येतो काय? रक्कम कोणत्या कायद्यान्वये आणि कोणत्या हिशेबाने काढली, हे दिले आहे काय? पैसे शासनाच्या किंवा अधिकृत कंपनीच्या खात्यात जाणार आहेत काय आणि त्याची पावती मिळणार आहे काय? हरकत घेण्यासाठी मुदत आणि जागा दिली आहे काय? बनावट मागणीत या चारही गोष्टी नसतात. तिच्यात घाई आणि गुप्ततेचा आग्रह असतो. आज संध्याकाळपर्यंत पैसे भरा, घरी कोणाला सांगू नका, असे सांगणारा कोणीही शासनाचा अधिकारी असू शकत नाही.

बनावट पत्रांवर राजमुद्रा आणि शिक्के असतात, हेही ध्यानात ठेवावे. दुवा उघडून पडताळणी करणे धोक्याचे असते. कुरियर कंपनीचे वा मंडळाचे संकेतस्थळ स्वतः शोधून उघडावे आणि तेथे क्रमांक तपासावा.

माणूस पैसे देत का राहतो?

फसलेल्या व्यक्तीला 'शिकलेली असून इतके कसे कळले नाही' असे विचारले जाते. हा प्रश्न अन्यायकारक आहे. हाल आर्केस आणि कॅथरिन ब्लूमर या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये बुडीत खर्चाच्या परिणामावर मूलभूत अभ्यास प्रसिद्ध केला. एखाद्या गोष्टीवर पैसा, वेळ वा श्रम खर्च झाले की केवळ तेवढ्या कारणासाठी माणूस त्यात आणखी गुंतवणूक करतो, असे त्यातून दिसले. अर्थशास्त्राच्या नियमानुसार गेलेल्या खर्चाचा पुढील निर्णयाशी संबंध नसावा. प्रत्यक्षात पहिले पस्तीस हजार वाया जाऊ नयेत म्हणून माणूस पुढचे एक लाख देतो.

येथे पैशाबरोबर भावनाही गुंतलेली असते. फसवणूक मान्य करणे म्हणजे नातेही खोटे होते हे मान्य करणे. एकट्या राहणाऱ्या, वैधव्य किंवा घटस्फोटानंतर नव्याने जोडीदार शोधणाऱ्या व्यक्तीला हे अधिक जड जाते. मग लोकलज्जेपोटी तक्रारच होत नाही. हा प्रश्न केवळ भारताचा नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे २०२२ मध्ये सुमारे ७० हजार व्यक्तींनी प्रेमाच्या नावाखाली झालेल्या फसवणुकीची तक्रार केली आणि त्यांचे एकत्रित नुकसान १.३ अब्ज डॉलर होते. तक्रार न करणारे यात मोजलेलेच नाहीत.

पैसा जातो कोठे?

एकदा रक्कम खात्यात आली की ती थोड्याच वेळात अनेक खात्यांमध्ये विभागली जाते आणि रोख स्वरूपात वा अन्य मार्गाने काढून घेतली जाते. ही खाती दुसऱ्यांच्या नावावर असतात. त्यांना बँकिंग व्यवहारात 'म्यूल' खाती म्हणतात, सोप्या शब्दांत भाड्याची खाती. अशी खाती ओळखण्यासाठी बंगळुरू येथील रिझर्व्ह बँक इनोव्हेशन हबने 'म्यूलहंटर' ही कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित प्रणाली विकसित केली. तिचा उल्लेख डिसेंबर २०२४ च्या पतधोरण निवेदनात करण्यात आला.

हा भाग विद्यार्थ्यांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. खाते, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड काही दिवसांसाठी वापरायला दिल्यास दरमहा काही हजार रुपये मिळतील, असे आमिष बेरोजगार तरुणांना आणि वसतिगृहातील विद्यार्थ्यांना दाखविले जाते. पैसे कोणाचे आहेत हे विचारले जात नाही. पोलीस तपास मात्र सर्वप्रथम त्या खातेदाराच्या दारी पोहोचतो. त्याचे खाते गोठविले जाते, गुन्ह्यात नाव येते आणि शासकीय सेवेत निवड झाल्यावर होणाऱ्या चारित्र्य पडताळणीत ते प्रकरण आडवे येते. अनेक वर्षांचा अभ्यास काही हजार रुपयांच्या भाड्यासाठी पणाला लागतो. बळी ठरण्याचा धोका जितका खरा आहे, तितकाच नकळत साथीदार होण्याचाही आहे.

कायद्यातील तरतुदी आणि एक उणीव

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली. तिच्या कलम ३१८ मध्ये फसवणूक, कलम ३१९ मध्ये तोतयेगिरी करून फसवणूक आणि कलम २०४ मध्ये लोकसेवक असल्याची बतावणी हे गुन्हे येतात. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६-डी नुसार संगणकीय साधनाद्वारे तोतयेगिरी करून फसविल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. विवाहविषयक संकेतस्थळांसाठी केंद्र सरकारने जून २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. सदस्यांच्या ओळखीची पडताळणी आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याची नेमणूक यांचा त्यांत समावेश होता. मात्र संभाषण संकेतस्थळावरून खासगी संदेश ॲपवर गेले की ही पडताळणी निरुपयोगी ठरते. फसविणारा ओळख होताच तसे करण्याचा आग्रह धरतो, त्याचे कारण हेच.

भरपाईचा प्रश्न अधिक अवघड आहे. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये ग्राहकाच्या दायित्वाची मर्यादा ठरविणारी चौकट घालून दिली. त्रयस्थाने ग्राहकाच्या परवानगीवाचून पैसे काढले आणि ग्राहकाने कामकाजाच्या तीन दिवसांत कळविले, तर त्याच्यावर भार पडू नये, असे तिचे सूत्र होते. पार्सलच्या फसवणुकीत ग्राहक स्वतःच्या हाताने पैसे पाठवितो. तांत्रिकदृष्ट्या व्यवहार अधिकृत ठरतो आणि या चौकटीचे संरक्षण त्याला मिळत नाही. ब्रिटनने ऑक्टोबर २०२४ पासून वेगळा मार्ग धरला. फसवून करवून घेतलेल्या अशा हस्तांतरणासाठी ८५ हजार पौंडांपर्यंतची भरपाई बंधनकारक करून तिचा भार पैसे पाठविणाऱ्या आणि स्वीकारणाऱ्या संस्थांमध्ये निम्मा-निम्मा वाटला. स्वीकारणाऱ्या बँकेवर निम्मा भार आला की भाड्याची खाती रोखण्यात तिला स्वतःचे हित दिसू लागते. त्याच वेळी ग्राहक निष्काळजी होतील, ही शंकाही रास्त आहे. भारतासारख्या देशात हा समतोल कसा साधावा, हा निबंधाचा आणि मुलाखतीचाही विषय होऊ शकतो.

पहिला तास

फसवणूक लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार नोंदवावी. बँकेलाही तत्काळ कळवावे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या यंत्रणेमुळे बँका, पेमेंट कंपन्या आणि पोलीस एकाच प्रणालीवर जोडले गेले. रक्कम पुढे सरकण्यापूर्वी ती गोठविणे त्यामुळे शक्य झाले. गृह मंत्रालयाने जुलै २०२५ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये सायबर फसवणुकीतील नुकसान २२,८४५ कोटी रुपये होते. २०२३ मध्ये ते ७,४६५ कोटी होते. त्याच सुमारास, यंत्रणा सुरू झाल्यापासून वाचविलेली एकूण रक्कम ५,४८९ कोटी रुपये असल्याचे सांगण्यात आले. हे आकडे शेजारी ठेवले की वेळेचे महत्त्व कळते. तक्रार उद्यावर ढकलली तर रक्कम सापडण्याची शक्यता झपाट्याने कमी होते. संभाषणे पुसून टाकू नयेत. खाते क्रमांक, दूरध्वनी क्रमांक आणि व्यवहाराचे तपशील हाच पुढील तपासाचा आधार असतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कोणत्याही पोलीस ठाण्यात, हद्दीचा विचार न करता, माहिती देता येते.

पुढे हीच परीक्षा देऊन काही जण सीमाशुल्क, पोलीस, टपाल वा बँकिंग सेवेत जातील. त्यांच्या टेबलासमोर एखाद्या दिवशी खाली मान घालून एखादी व्यक्ती उभी राहील आणि न आलेल्या पार्सलविषयी चाचरत बोलेल. तिला हसण्यावारी न नेता तिची तक्रार त्याच तासात नोंदवून घेणे, यावर तिची उरलेली पुंजी अवलंबून असेल. तोवर हे चार प्रश्न आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना, एकट्या राहणाऱ्या बहीण-भावांना आणि मित्रांना समजावून सांगणे, एवढे काम प्रत्येक विद्यार्थ्याला आजच करता येण्यासारखे आहे.